नेम धरणे आणि नेम लागणे

छापील पुस्तकात वाक्य संपल्यावर पूर्णविरामाचा जो ठिपका येतो, तो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. असा एक ठिपका 10 मीटर अंतरावर, म्हणजे एखाद्या लांबलचक दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि साडेपाच किलोपर्यंत वजनाची बंदूक उभ्याने पेलून त्याचा वेध घ्यावा, अशी एक स्पर्धा ऑलिंपिक सामन्यांत असते. तिला 10 मीटर एअर रायफल असे नाव आहे. या स्पर्धेत धावपळ नाही, झटापट नाही, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही नाही. पाहणाऱ्याला तेथे काहीच घडत नाही असे वाटते. वस्तुतः जे घडावयाचे ते सारे नेमबाजाच्या आत घडत असते; बाहेर दिसतो तो केवळ त्याचा निकाल.

11 ऑगस्ट 2008 या दिवशी बीजिंग येथे या स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे आठ स्पर्धकांना प्रत्येकी दहा छर्रे झाडावयाचे होते. नऊ झाडून झाले होते. प्राथमिक फेरीचे गुण धरून भारताचे अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हाक्किनेन हे दोघे 689.7 गुणांवर बरोबरीत उभे होते. भारताच्या पदरी हॉकीची आठ सुवर्णपदके होती; परंतु एकट्या भारतीय खेळाडूने जिंकलेले ऑलिंपिक सुवर्णपदक तोपर्यंत एकही नव्हते. आणि बिंद्रा यांचे आठवे व नववे नेम त्या फेरीतले त्यांचे सर्वांत उणे नेम ठरले होते: एक 10.0 चा, दुसरा 10.2 चा. आता एकच छर्रा उरला होता.

अशा क्षणी माणसाचे मन काय करते आणि त्याने काय करावे? त्या शेवटच्या छर्‍याकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे; कारण तो केवळ नेमबाजांचा प्रश्न नव्हे. परीक्षेच्या दालनात बसलेला विद्यार्थी, मैफलीत पहिला षड्ज लावणारा गायक, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभा असलेला वैद्य या सर्वांनाच तो कधी ना कधी भेटतो.

मराठी भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या क्रियापदांत फार पूर्वीपासून साठवून ठेवले आहे. मराठी माणूस नेम 'धरतो'. परंतु नेम 'लागतो'. धरणे हे कर्त्याच्या हातातले काम आहे. लागणे हे त्याच्या हातातले नाही. झोपेचेही तसेच आहे. अंथरूण घालता येते, दिवा मालवता येतो, डोळे मिटता येतात. झोप मात्र लागावी लागते. ती बळेच आणू जावे तर रात्रभर छताकडे पाहत पडण्याची पाळी येते. गवई सूर लावतो खरा, पण श्रोते धन्य होतात ते सूर लागला म्हणजे. तंद्री लागते, समाधी लागते. मनाची जी जी अवस्था उत्तम म्हणून गणली गेली, तिला या भाषेने अकर्मक क्रियापद दिले आहे. तिची तयारी माणसाने करावयाची असते. येणे न येणे तिच्याकडे असते.

या अवस्थेचा शास्त्रीय अभ्यास अलीकडचा आहे. मिहाय चिकसेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात चित्रकारांचे निरीक्षण आरंभिले. चित्र रंगात आले असता या मंडळींना तहानभुकेचे भान राहत नसे, आणि चित्र पुरे झाले की त्याच्याविषयी त्यांना फारशी आस्था उरत नसे. मग हा आनंद कशाचा? पुढे त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यवैद्य अशा निरनिराळ्या लोकांना बोलते केले. आपण एखाद्या प्रवाहात वाहत जात होतो, असे वर्णन पुष्कळांच्या तोंडी आले; म्हणून चिकसेंटमिहाय यांनी या अवस्थेला 'फ्लो', म्हणजे प्रवाह, हेच नाव दिले. त्यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक 1975 साली व सर्वांत गाजलेले पुस्तक 1990 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा की, काम माणसाच्या कौशल्याला पुरेपूर ताणणारे परंतु त्याला न मोडणारे असावे, पुढच्या पावलाला काय करावयाचे ते स्पष्ट असावे, आणि केलेले बरोबर की चूक हे तत्क्षणी कळावे. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो. फार अवघड असेल तर धास्ती वाटते. या दोहोंच्या मधल्या वाटेवर मन कामात विरघळते आणि 'मी' नावाचा प्रेक्षक काही काळ उठून जातो.

स्पर्धेचे दडपण नेमके या प्रेक्षकाला परत आणून बसविते. ही गोष्ट ज्याला जिना उतरता येतो त्या प्रत्येकाला पडताळून पाहता येईल. रोजचा जिना माणूस गप्पा मारीत उतरतो. परंतु आता गुडघा किती वाकला, टाच कोठे टेकली, असे प्रत्येक पायरीला पाहत उतरू लागले, तर पाय अडखळू लागतो. हात एकदा बसला, पाय एकदा सरावला, म्हणजे ते काम शरीराच्या स्वाधीन झालेले असते. दडपणाखाली सापडलेला मनुष्य ते शरीराकडून परत मागून घेतो आणि स्वतः करू पाहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच दाखविले होते: दडपणामुळे लक्ष स्वतःच्या हालचालींकडे वळते, आणि तेवढ्यानेच सरावलेले कौशल्य बिघडते. म्हणजे अपयश आळसातून येते असे नव्हे; पुष्कळदा ते अतिदक्षतेतून येते.

लक्ष ढळण्याची दुसरी दिशा निकालाची. 6 सप्टेंबर 1960 रोजी रोमच्या मैदानावर 400 मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खा सिंग वाऱ्यासारखे निघाले. सुमारे 250 मीटरवर आपण फार वेगात आलो, हा वेग शेवटपर्यंत टिकणार नाही, अशी शंका मनात येऊन आपण वेग किंचित आवरला आणि प्रतिस्पर्ध्यांचा अंदाज घेतला, असे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले. तेवढ्यात इतर पुढे निघून गेले. तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्स यांची वेळ 45.5 सेकंद लागली. मिल्खा सिंग यांची 45.6. त्या एका दशांश सेकंदाची खंत त्यांनी 2021 साली मृत्यू येईपर्यंत बाळगली. त्या क्षणी त्यांचे पाय धावत होते; मन मात्र शर्यतीच्या शेवटाकडे जाऊन परत येत होते.

धावपटूला व मल्लाला तरी एक सवलत असते. भीतीने छाती धडधडते, रक्त उसळते, स्नायू ताठरतात. तो सारा आवेग त्याला पायांत किंवा पकडीत ओतता येतो. नेमबाजाला ती मुभा नाही. त्याला निश्चल उभे राहावयाचे असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बंदुकीची नळी अणुमात्र हलते, आणि तेवढे हलणेही लक्ष्यावर उमटते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात, 10.0 आणि 10.8 यांतील अंतर लक्ष्यावर सुमारे 2 मिलिमीटर भरते. म्हणून दडपणाखाली मनाचे काय होते, याची नेमबाजी ही जणू उघडी प्रयोगशाळाच आहे.

या प्रयोगशाळेतले सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांचे आहे. 2004 साली अथेन्स येथे 50 मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत एक नेम बाकी असताना ते इतके पुढे होते की, साधारण नेमानेही सुवर्णपदक त्यांचेच होते. त्यांनी नेम धरला, चाप ओढला, आणि लक्ष्यफलकावर गुण उमटलेच नाहीत. त्यांची गोळी शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर लागली होती. पहिल्या क्रमांकावरून ते एकदम आठवे आले. त्यांनी नंतर जे स्पष्टीकरण दिले ते मननीय आहे. आधी लक्ष्याच्या डोक्यावरचा क्रमांक पाहावयाचा आणि मग नळी खाली लक्ष्यावर आणावयाची, अशी त्यांची नित्याची रीत होती. त्या वेळी ते आपले मन शांत करण्यात इतके गुंतले होते की क्रमांक पाहावयाचे राहूनच गेले. एवढ्याने दैवाचे समाधान झाले नाही. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याच स्पर्धेत ते पुन्हा आघाडीवर होते, आणि शेवटच्या नेमाला चाप वेळेआधीच दाबला जाऊन 4.4 गुण मिळाले; ते चौथे आले. 2012 साली लंडनमध्ये त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळविले, हेही त्यांच्या चिकाटीचा गौरव म्हणून सांगितले पाहिजे.

अथेन्सच्या या घटनेत सर्व विषयाची किल्ली आहे. 'मन शांत ठेव' हा उपदेश थोरामोठ्यांकडून सर्वांनाच मिळतो. परंतु मन शांत करणे हेच एकदा काम होऊन बसले, म्हणजे खरे काम बाजूला पडते. शांती ही लागावयाची वस्तू; ती धरू गेले असता हातचा नेमही सुटतो.

द्रोणाचार्यांनी शिष्यांची घेतलेली परीक्षा या दृष्टीने पुन्हा आठवून पाहण्याजोगी आहे. झाडावर एक कृत्रिम पक्षी बसविलेला होता. युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, गुरुजीही दिसले. अर्जुनाला केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले. ही कथा एकाग्रतेची म्हणून सांगतात, आणि ते यथार्थच आहे. पण आचार्यांनी विचारलेला प्रश्न कोणता होता? तुझे मन स्थिर आहे काय, तुला भीती वाटते काय, असे त्यांनी कोणालाच विचारले नाही. 'तुला काय दिसते?' एवढेच त्यांनी विचारले. शिष्याच्या मनाची परीक्षा त्यांनी त्याच्या दृष्टीवरून केली. कॅनडातील संशोधिका जोन विकर्स यांनी 1990 नंतरच्या दशकात खेळाडूंच्या नजरेचा जो अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष याच्याशी जुळतो. निष्णात खेळाडूची दृष्टी कृतीच्या आधी लक्ष्यावर लवकर स्थिरावते आणि अधिक काळ टिकते. विकर्स यांनी या स्थिर दृष्टीला 'क्वाएट आय', म्हणजे शांत डोळा, असे नाव दिले. भरकटणाऱ्या मनाला थेट पकडता येत नाही. डोळ्याला मात्र एक जागा देता येते, आणि डोळा जेथे थांबतो तेथे मनही पुष्कळदा येऊन बसते.

आता बीजिंगच्या त्या दालनाकडे परत जावयास हरकत नाही. अभिनव बिंद्रा तेथे अकस्मात येऊन पोहोचले नव्हते. 2000 साली सिडनीला गेले तेव्हा ते पुरते अठरा वर्षांचेही नव्हते. 2004 साली अथेन्समध्ये प्राथमिक फेरीत ते तिसरे होते, आणि अंतिम फेरीत सातव्या स्थानावर घसरले. आपण ज्या जागी उभे होतो तेथील पायाखालची फरशी सैल होती, हे त्यांना मागाहून कळले. एखाद्याने ही सबब आयुष्यभर पुरविली असती. बिंद्रा यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी आपल्या सरावाच्या जागीही सैल फरशी बसवून घेतली आणि तीवर उभे राहून नेम धरण्याचा अभ्यास केला. जे एकदा अनपेक्षितपणे आडवे आले, ते पुन्हा अनपेक्षित राहू नये एवढाच त्यामागचा हेतू.

2006 साली झाग्रेब येथे ते जगज्जेते झाले. त्यानंतर पाठीच्या दुखण्याने त्यांना बराच काळ बंदुकीपासून दूर ठेवले. बीजिंगपूर्वी त्यांनी केलेली तयारी काहींना चमत्कारिक वाटेल. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीचे दालन मोठे व उंच असते. घरच्या बंदिस्त जागेची सवय झालेली नजर तेथे बावरते. म्हणून त्यांनी चंदीगडमध्ये लग्नाचे एक कार्यालय भाड्याने घेऊन तेथे तसे दालन उभे केले. जर्मनीत सुमारे 40 फूट उंचीच्या एका खांबावर ते चढले; त्याच्या माथ्यावर कसेबसे उभे राहण्यापुरती जागा होती. अर्ध्यावर भीतीने पाय थबकले, तरीही ते वर गेले. या खांबाचा नेमबाजीशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. भीती वाटत असतानाही पुढचे पाऊल टाकता येते, ही गोष्ट शरीराला ठाऊक करून देणे, हाच तो संबंध. भीती नाहीशी होईल तेव्हा काम करू, असे म्हणणाऱ्याचा दिवस कधी उगवत नाही.

आणि अनपेक्षित ते घडलेच. अंतिम फेरीपूर्वी सरावाचे छर्रे झाडताना नेम भलतीकडेच जाऊ लागला. नेम धरावयाची साइट जागची हलली असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हाताशी अगदी थोडा अवधी होता. अशा वेळी मनात शंकांचे मोहोळ उठावयास कितीसा वेळ लागतो? कोणी केले, का केले, आता काय होणार? परंतु या प्रश्नांची उत्तरे लक्ष्यावर नव्हती. त्यांनी साइट पुन्हा जुळवून घेतली आणि जागेवर उभे राहिले. पहिला नेम 10.7 चा लागला. मग 10.3, 10.4, तीनदा ओळीने 10.5, आणि 10.6. त्यानंतर ते दोन उणे नेम आले. आणि ज्या क्षणी हे भाषण थांबले होते, तो क्षण आला.

शेवटचा छर्रा सुटला. हाक्किनेन यांचे गुण उमटले 9.7. बिंद्रा यांचे उमटले 10.8, त्या साऱ्या फेरीतला त्यांचा सर्वोत्तम नेम. एकूण 700.5. चीनचे झू छीनान, चार वर्षांपूर्वीचे विजेते आणि यजमान देशाच्या आशेचे ओझे वाहणारे, 699.7 गुणांवर दुसरे आले, आणि त्यांना अश्रू आवरता आले नाहीत. हाक्किनेन 699.4 गुणांसह तिसरे.

या 10.8 चे रहस्य काय? त्या क्षणी बिंद्रा यांची भीती नाहीशी झाली आणि एखाद्या दिव्य तंद्रीत छर्रा सुटला, असे म्हणणे सोयीचे आहे. पण ते सत्याला धरून होईलसे वाटत नाही. तंद्रीत नऊ नेम सारखेच लागावयास हवे होते. येथे तर आठव्या आणि नवव्या नेमाला लय ढळलेली दिसते. खरे नवल आहे ते लय ढळल्यावर ती पुन्हा लागली याचे. ती लागली, कारण धरण्यासारखे जे जे होते ते सारे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने हाताशी तयार होते: पायांची जागा, खांद्याला टेकलेला दस्ता, दस्त्यावर विसावलेला गाल, श्वासाचा अर्धा सोडलेला भाग, चापावर हळूहळू वाढणारा बोटाचा भार. यातील प्रत्येक गोष्ट लहान आहे, जवळची आहे आणि करता येण्यासारखी आहे. सुवर्णपदक मोठे आहे, दूरचे आहे आणि ते 'करता' येत नाही. दडपणाखाली सापडलेल्या मनाला शून्य करता येत नाही, पण त्याला हातापुरते काम देता येते. काम मिळाले की ते रमते. रमले की प्रवाह आपण होऊन वाहू लागतो.

यातून निष्काळजीपणाचा अर्थ मात्र कोणी काढू नये. फळाकडे पाहू नये या शिकवणीचा उल्लेख खेळाडूंच्या तोंडी वारंवार येतो; 2024 साली पॅरिस येथे दोन कांस्यपदके मिळविणाऱ्या मनू भाकर यांनीही पहिल्या पदकानंतर गीतेचेच स्मरण केले. पण ज्याला फळ नकोच आहे, तो लग्नाचे कार्यालय भाड्याने घेत नाही आणि खांबावरही चढत नाही. फळाची इच्छा वर्षानुवर्षे त्याला सरावाच्या जागेवर आणून उभी करते. केवळ चाप ओढण्याच्या क्षणी तिने दाराबाहेर थांबावे, एवढीच अपेक्षा असते.

त्याच पॅरिसमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत, म्हणजे ज्या स्पर्धेने एमन्स यांना दोनदा हुलकावणी दिली त्याच स्पर्धेत, कांस्यपदक मिळविले. 1952 साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फेरीच्या आरंभीच्या टप्प्यात ते सहाव्या स्थानावर होते. स्पर्धेनंतर त्यांनी जे सांगितले, त्यात दिव्यतेचा लवलेशही नाही. पोटात गोळा आला होता, खाणे गेले नव्हते, केवळ काळा चहा घेतला होता, छाती धडधडत होती. त्यांनी गुणफलकाकडे पाहिले नाही. श्वास सांभाळला आणि नेहमीपेक्षा वेगळे काही करावयाचे नाही, एवढे पाळले. भीती शेवटपर्यंत सोबत होती. फक्त बंदूक तिच्या हाती दिली नव्हती.

आणि एवढे सारे करूनही नेम चुकू शकतो, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. 2016 साली रिओ येथे बिंद्रा यांच्या बंदुकीची साइट अंतिम फेरीपूर्वी पडून मोडली. तरीही ते पदकापर्यंत येऊन ठेपले, बरोबरी सोडविण्याच्या नेमात मागे पडले आणि चौथे आले. तयारी तीच होती, माणूस तोच होता, शांत डोळाही तोच होता. सूर रोज लागत नाही, म्हणून कोणी गवई रियाज सोडत नाही. जे लागावयाचे ते लागेल किंवा लागणार नाही. धरावयाचे ते मात्र प्रत्येक वेळी नीट धरता येते, आणि माणसाची किंमत अखेर तेवढ्यावरच करणे न्याय्य होय. परीक्षेच्या सकाळी थरथरत्या हाताने लेखणी उचलणाऱ्या मुलाला 'घाबरू नकोस' असे सांगण्यापेक्षा 'पहिला प्रश्न नीट वाच' असे सांगणारा शिक्षक द्रोणाचार्यांच्या अधिक जवळचा आहे.